आसूदच्या चढाला कोणती गाडी पुरेल?

दापोलीत नवी दुचाकी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न असतो ॲव्हरेजचा. माझ्या मते पहिला प्रश्न चढाचा हवा. हर्णै बंदर समुद्राला लागून, दापोली आठशे फुटांच्या आसपास वर. संध्याकाळच्या लिलावातून मासळी घ्यायची, मागे माणूस बसवायचा आणि दापोलीच्या वाटेवरची आसूदची चढण घ्यायची. गाडी पुरते की नाही ते तिथंच कळतं.

स्प्लेंडर प्लस मी सहा वर्षं चालवली. ९७.२ सीसी, वजन ११२ किलो, चार गिअर. एकट्या माणसाला तिच्यासारखी गाडी नाही. पाखाडीच्या तोंडाशी अडकली तर मागचं चाक उचलून वळवता येते आणि वाडीतला कुठलाही मेकॅनिक ती डोळे मिटून खोलतो. पण डबल सीट आणि मधे बर्फाची पेटी असली की आसूदच्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. इंजिनाची धग पोटऱ्यांना लागायची. मागून आवाज यायचा, "अहो, उतरू का मी?"

मग शाईन १२५ घेतली. पाच गिअर, वजन जवळपास तेवढंच, पण तोच चढ ती दोघांना घेऊन दुसऱ्यात विनातक्रार चढते. खर्चाचं म्हणाल, तर महिन्याला हजार किलोमीटर धरा. स्प्लेंडर मला ६० द्यायची, शाईन ५५ देते. म्हणजे दीड लिटरचा फरक. लिटरला १०५ रुपये धरले तरी दीडशे-पावणेदोनशे रुपये. एवढ्यासाठी रोज चढावर गाडीला रडवू नये.

या दोन्ही गाड्यांची चेन पूर्ण डब्यात बंद असते. शहरात याचं कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडे खारी हवा आणि वाळू उघडी चेन एका पावसाळ्यात लालभडक करतात.

पुलसर १५० किंवा अपाची १६० घ्यावी ती ब्रेकसाठी. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस सक्तीचं आहे, १२५पर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागणारं सीबीएस चालतं. जून-जुलैत रस्त्यावर तांबड्या मातीचा राप आणि कुजलेला पाला असतो. त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला तर चाक लॉक होऊन माणूस सरळ आडवा. रोज खेड स्टेशन गाठणाऱ्याने, हायवेला असणाऱ्याने बाकी सगळं बाजूला ठेवून एबीएस घ्यावं.

एक्सपल्स २०० दिसायला देखणी, खाली २२० मिलिमीटर मोकळी. बागेपर्यंत कच्चा रस्ता असेल तर तिला तोड नाही. मात्र सीट ८२५ मिलिमीटर उंच, चाकांना तारा आणि आत ट्यूब. तारांना गंज लवकर धरतो आणि पंक्चर म्हणजे चाक काढणं आलं.

क्लासिक ३५०च्या मोहात तरुण मुलं पडतात, त्यात चूक नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८चा १८ टक्के झाला, तीही त्यात बसते. लांबच्या पल्ल्याला ती सुखाची. पण दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर ओल्या लोखंडी पत्र्यावरून १९५ किलोची गाडी मागे ढकलत लावून बघा, दोन्ही पाय सरकतात. शिवाय ३५चं ॲव्हरेज धरलं तर हजार किलोमीटरला स्प्लेंडरपेक्षा बारा लिटर जास्त, म्हणजे महिन्याला सव्वा हजार.

घरात एकच गाडी, त्यावर शाळा, बाजार, बंदर सगळं, तर १२५ घ्या. टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाटीवर घेऊ नका, मागे घरचं माणूस बसवून चढावर न्या. सेकंडहँड बघत असाल तर आधी खाली वाकून सायलेन्सरचा जोड, स्टँडची मुळं आणि मडगार्डची आतली बाजू बघा. किनाऱ्यावरची गाडी वरून कितीही पुसलेली असो, गंज तिथे लपत नाही.