‘मंत्रालयाची डिजिटल मीडिया नोंदणी’ विकणाऱ्यापासून सावध राहा

यूट्यूबवर बातम्यांचं चॅनल किंवा सोशल मीडियावर गावाचं पेज चालवणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या मंडळींसाठी हे लिहितोय. ‘केंद्र सरकारची डिजिटल मीडिया नोंदणी करून देतो’ म्हणणाऱ्या एका गृहस्थाने आमच्याकडून १४,५०० रुपये नेले, आणि त्याचं दुकान अजून चालू आहे.

मी आणि माझा चुलतभाऊ पंचवटीतून छोटं चॅनल चालवतो. लासलगाव-पिंपळगावचे कांद्याचे भाव, द्राक्षबागांची हालहवाल, गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, असलं सगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसारण सेवा विधेयकाच्या मसुद्यावरून गदारोळ चालू होता. यूट्यूबवाल्यांनाही आता परवाना लागणार, अशी आवई ग्रुपाग्रुपांतून फिरत होती. नवा मसुदा आणू, असं माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याच महिन्यात जाहीर केलं. पण ती बातमी लोकांपर्यंत नीट पोचायच्या आत या गृहस्थाची जाहिरात मोबाईलवर झळकायला लागली.

माणूस बोलायला गोड. भावाला ‘दादा’, मला ‘सर’. येताना राजपत्राची झेरॉक्स घेऊन आला, त्यात हव्या त्या ओळींवर पिवळी शाई फिरवलेली. “सर, नियम अठरा वाचा. तीस दिवसांत माहिती गेली नाही तर चॅनल ब्लॉक होतं.” धादांत खोटं बोलणारा लगेच ओळखू येतो. ह्याचं निम्मं खरं होतं, म्हणूनच तो जास्त घातक.

खरं काय ते सांगतो. २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियमांत अठरावा नियम आहेच. बातम्या आणि चालू घडामोडी व्यवसाय म्हणून प्रसिद्ध करणाऱ्याने काम सुरू केल्यापासून ३० दिवसांत आपला तपशील माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवायचा असतो. हौसेखातर, धंदा न करता व्हिडिओ टाकणारा त्या व्याख्येत येतच नाही. तपशील कळवायला नोंदणी शुल्क नाही, आणि कळवल्याने कुठला परवानाही हाती पडत नाही. ह्याने मात्र त्यावर ‘स्वनियमन संस्थेचं सदस्यत्व’ म्हणून वेगळे पैसे लावले. तक्रार निवारणाच्या ज्या तीन पातळ्यांच्या रचनेच्या (प्रकाशक स्वतः, स्वनियमन संस्था आणि वर सरकार) नावाने ते लावले, ती सांगणाऱ्या नियम ९(३) ला आणि आचारसंहितेच्या ९(१) ला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ लाच स्थगिती दिली होती. त्या झेरॉक्समध्ये अर्थातच हे नव्हतं.

पैशांच्या बदल्यात आलं काय? लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र, वर सिंहाची राजमुद्रा. गळ्यात घालायचं ‘भारत सरकार नोंदणीकृत’ ओळखपत्र, माइकवर चढवायचा बूम आणि गाडीसाठी ‘प्रेस’चं स्टिकर.

भांडं फुटलं ते गोदाघाटावर. बंदोबस्तातल्या हवालदारांनी भावाचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकाराचं सरकारमान्य ओळखपत्र, मागितली. ती राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते; दलालाकडून नाही. मग आम्ही प्रमाणपत्र ओळखीच्या सीएंना दाखवलं. त्यांनी क्रमांकाची सुरुवात वाचली आणि म्हणाले, “अहो, हे उद्यमचं आहे.” सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची ही नोंदणी पिठाच्या गिरणीवाल्यालाही मिळते, सरकारी पोर्टलवर आधार क्रमांक टाकून, फुकट. कागद खरा होता, त्यावर आमचं नावही खरं होतं. फक्त त्याचा माहिती व प्रसारण मंत्रालयाशी काडीचा संबंध नव्हता. अशा धूर्तपणाला कलमही सहजी लागत नाही, कारण ‘मी तर नोंदणीच करून दिली’ असं म्हणायला तो मोकळा.

आणखी एक खूण. केंद्राच्या खात्यांचं शुल्क भारतकोशसारख्या सरकारी पोर्टलवर भरायचं असतं. इथे क्यूआर कोड स्कॅन केला तर एका बाईंचं नाव येत होतं. “अकाउंट्सच्या मॅडम आहेत,” म्हणे.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्या नंबरवर पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता असते. आम्ही केला तोवर खातं रिकामं झालं होतं.

जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहिलं. त्याच २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीने २४ तासांत पोच द्यायची आणि तेव्हाच्या मुदतीप्रमाणे १५ दिवसांत निकाल लावायचा होता (ही मुदत २०२६ मध्ये सात दिवसांवर आली). पोच वेळेत आली. निकाल आला तो असा, की जाहिरात आमच्या धोरणाचा भंग करत नाही. राजमुद्रा लावून सरकारी नोंदणी विकायची, त्याचे पैसे कंपनीने घ्यायचे, आणि धोरण मात्र शाबूत! छोट्या चॅनलवाल्याला नियमांची भीती दाखवणारे पायलीला पन्नास भेटतील. त्याच नियमांत कंपनीवर काय बंधनं आहेत, ते कोणी सांगत नाही. अशा निकालावर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या, आणि सगळं काम ऑनलाइन होतं, दिल्लीला खेपा नाहीत. आमचं अपील दाखल आहे.

निफाड, सिन्नर, येवला भागात आणखी काही जणांनी ह्याला पैसे दिल्याचं कानावर आलंय. तुम्ही त्यातले असाल तर लाजून गप्प बसू नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, चॅट आणि ते प्रमाणपत्र जपून ठेवा आणि आपापली तक्रार स्वतंत्र नोंदवा. एकट्याच्या तक्रारीवर तो ‘सेवा दिली’ म्हणून सुटू शकतो. दहा गावांतून उद्यमचा तोच कागद ‘मीडिया नोंदणी’ म्हणून पुढे आला, तर ती पळवाट उरणार नाही.