नायट्रस किट घेताना आधी सोलेनॉइड उघडून बघा

दोन वर्षांत माझी दोन नायट्रस किट, म्हणजे इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून थोडा वेळ जास्तीची ताकद मिळवायचं सामान, वापरून झाली. पहिलं खोक्यावरचा हॉर्सपॉवरचा आकडा बघून घेतलं होतं. दुसरं घेताना एकेक भाग हातात घेतला, उघडला, भिंगाखाली धरला. गाडी तीच आहे: टर्बो नसलेलं २ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पिस्टन मूळचेच. फक्त ड्रॅग स्ट्रिपवर पळते. दोन्ही किट वेट प्रकारची, म्हणजे नायट्रस आणि जास्तीचं पेट्रोल एकाच नोझलमधून जातं, आणि दोन्हींत मी ५० हॉर्सपॉवरचे जेट (प्रवाह किती जाईल ते ठरवणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) लावले. कागदावर दोघांत काहीच फरक नव्हता.

लोक कुठल्याही किटला सरसकट ‘नॉस’ म्हणतात. ते खरं तर १९७८ साली सुरू झालेल्या एका कंपनीचं नाव आहे. १९९९ मध्ये ती मोटारीचे भाग बनवणाऱ्या हॉली कंपनीने विकत घेतली, पण नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं ते बसलंच. मला यातली अडचण वेगळीच वाटते. नाव ओळखीचं झालं की ही वस्तू आत नेमकं काय करते हे कुणी विचारत नाही. नायट्रस स्वतः जळत नाही. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे, त्याचा रेणू फुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. ताकद येते ती त्या ऑक्सिजनवर जळणाऱ्या जास्तीच्या पेट्रोलमधून. पेट्रोल मागे राहिलं आणि नायट्रस पुढे गेला, तर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिन ठोके द्यायला लागतं आणि पिस्टनचं डोकं वितळायला काही सेकंद पुरतात. म्हणून मी किटकडून दोनच गोष्टी मागते. दोघांनी जोडीने जायचं, आणि थांब म्हटल्यावर थांबायचं.

पहिल्या किटला नेमकं थांबताच येत नव्हतं. गाडी उभी होती, इंजिन बंद, मास्टर स्विचही बंद. मागे जाऊन बाटलीचा व्हॉल्व्ह उघडला आणि पुढे येऊन बॉनेट उचललं, तर सोलेनॉइडपासून, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेपासून, नोझलकडे जाणाऱ्या बारीक नळीवर पांढरा बर्फ धरायला लागला होता. सोलेनॉइड बंद असताना त्या नळीत थेंबही जायला नको. तेवढ्यात एअर फिल्टरकडून नुकत्याच ओढलेल्या आगकाडीसारखा वास आला. कुणी हुंगू नये म्हणून गाडीसाठीच्या नायट्रसमध्ये सुमारे १०० पीपीएम सल्फर डायऑक्साइड मिसळतात, त्याचा तो वास. म्हणजे हवा सिलिंडरकडे नेणारा अख्खा मॅनिफोल्ड नायट्रसने भरत होता. त्या क्षणी स्टार्टर मारला असता तर आतल्या आत भडका उडाला असता, आणि माझा मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा आहे. बाटली बंद केली, एअर फिल्टरचा पाइप काढला, बराच वेळ सगळं उघडं ठेवलं. मग इंजेक्टर आणि इग्निशन कॉइलचे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवलं. हात थरथरत होते, ते अजून आठवतं.

सोलेनॉइड घरी आणला तो बाबांनी उघडला. त्यांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. कॉइल बाजूला, मग स्प्रिंग, मग प्लंजर, म्हणजे आत वरखाली सरकणारा दांडा. प्लंजरच्या तळाला सीटवर बसणारं सील असतं, त्यावर सीटचा गोल वळ उमटला होता. त्या वळाच्या आडवा, भुवईच्या केसाएवढा, टेफ्लॉन टेपचा पांढरा धागा चिकटलेला. टेप मी लावलीच नव्हती. फिटिंग कारखान्यातूनच टेप गुंडाळून आलं होतं, आणि वाटेत फिल्टर द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाबा चिमट्यात तो धागा उजेडाला धरून म्हणाले, “ही झडप आहे, बाळा. किती उघडते ते सगळेच सांगतात. बसते कशी, ते बघायचं.”

मग त्यांनी जेटही भिंगाखाली घेतले. जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, इंचाच्या हजाराव्या भागात. ३६ म्हणजे ०.०३६ इंच. त्या किटच्या एका जेटच्या भोकाला आतून ड्रिलचा कीस तसाच उभा होता. एवढ्याशा भोकात कीस राहिला तर आकड्याला काय अर्थ उरतो? आणि तो पेट्रोलचा जेट असेल तर मिश्रण लीनच होणार.

दुसरं किट घ्यायला गेले तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारला की सोलेनॉइडचे सील आणि प्लंजर सुटे मिळतात का. मिळतात म्हणाला आणि पाकीट काढून दाखवलं. माझा निम्मा निर्णय तिथेच झाला. सील ही झिजणारी वस्तू आहे. जो तिचे सुटे भाग विकत नाही तो सोलेनॉइड फेकून द्यायलाच बनवतो. या किटमध्ये नायट्रसच्या वाटेवर सोलेनॉइडच्या आधी बारीक जाळीचा फिल्टर आहे, पेट्रोलच्या वाटेवरही आहे. कॉइल जाडजूड आहे, आणि ती तशीच हवी, कारण प्लंजरला हजार पीएसआयच्या आसपासच्या दाबाविरुद्ध उचलायचं असतं. कमजोर कॉइल बाटली गरम झाली की उचलतच नाही. मग पेट्रोल एकटंच आत जातं आणि गाडी गुदमरते. जोडणीच्या कागदात ठळक लिहिलंय की पाइप-थ्रेडला टेप लावू नका, पातळ सीलंट लावा, आणि एएन फिटिंगला (शंकूसारखी, धातूवर धातू घट्ट बसणारी जोडणी) काहीच लावू नका. ते वाचून बरं वाटलं.

सर्वांत जास्त गुण मी फ्युएल प्रेशर स्विचला देते. पेट्रोलचा दाब ठरवलेल्या पातळीखाली गेला की तो सोलेनॉइडना वीज देणारा रिले तोडतो आणि दोन्ही सोलेनॉइड मिटतात. पुष्कळ किटमध्ये हा जादा सामान म्हणून वेगळा विकतात. माझ्या मते त्याच्याशिवायचं वेट किट अर्धवट आहे. एका रनला माझ्या पंपाची वायर ढिली झाली होती. तिसऱ्या गियरमध्ये एकदम जोर गेला, मला वाटलं इंजिन गेलं. प्लग काढून बघितले तर पोर्सेलिन स्वच्छ, वितळलेल्या पिस्टनच्या अॅल्युमिनियमचा एकही बारीक ठिपका नाही. पंप पुरता थांबायच्या आधीच स्विचने नायट्रस तोडला होता. पूर्ण थ्रॉटलचा स्विच आणि आरपीएम विंडो स्विच (ठरावीक आरपीएमच्या दरम्यानच सिस्टीम चालू ठेवणारा) हेही हवेतच. मी ३२०० आरपीएमच्या खाली सिस्टीम चालू होऊ देत नाही.

बाटली १० पौंडांची, म्हणजे साडेचार किलो गॅसची. तोंड पुढे आणि थोडं वर, लेबल आकाशाकडे, असं बसवायचं, कारण आतली सायफन नळी मागच्या तळाशी टेकते आणि गाडी सुटली की द्रव मागेच जातो. उलटी बसवली तर द्रवाऐवजी वाफ येते आणि गाडी आचके देते. खरेदी करताना बाटलीवर चाचणीची तारीख ठोकलेली आहे का बघा, आणि सेफ्टी डिस्कमधून (दाब फार वाढला की फुटणारी चकती) सुटणारा गॅस गाडीच्या बाहेर नेणारी नळी मागून घ्या. डिस्क केबिनमध्ये फुटली तर श्वास घ्यायला हवाच उरणार नाही.

प्रेशर गेज आणि हीटर मी नंतर घेतले, ते पहिल्याच दिवशी घ्यायला हवे होते. जेटच्या जोड्या ९०० ते १००० पीएसआयला धरून दिलेल्या असतात. थंडीत दाब खाली येतो, नायट्रस कमी जातो, मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, गाडी नुसती मंदावते. उन्हात तापलेल्या डिकीत उलटं होतं आणि ते धोक्याचं. ३६.४ अंशांच्या वर तर नायट्रस द्रव म्हणून राहतच नाही. त्यामुळे हीटरला दाब बघून बंद होणारा स्विच असलाच पाहिजे.

बसवल्यावर ठिणगीचं टायमिंग २ अंश मागे घेतलं, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) लावले आणि गॅप ०.८ मिलिमीटर ठेवला. बटण दाबल्यावर हिसका बसत नाही, गाडी एकाच ताकदीने पुढे रेटली जाते. पहिल्या किटला दर वेळी सुरुवातीला एक अडखळ यायची. ती मी नायट्रसचीच सवय समजत होते.

तक्रारी आहेत. वायरिंगचा हार्नेस आखूड निघाला, मास्टर स्विचपर्यंत मला वायर वाढवावी लागली. बाटलीच्या पट्ट्यांचं रबर एका हंगामात सुटलं. पर्ज व्हॉल्व्ह (नळीतली हवा आणि वाफ आधी बाहेर सोडणारा) किटमध्ये नाही, वेगळा घ्यावा लागला. तरीही गेल्या महिन्यात वर्षाची तपासणी म्हणून हा सोलेनॉइड बाबांसमोर उघडला. सीलवरचा वळ उथळ आणि सगळीकडून सारखा होता. बाबांनी बोट फिरवून बघितलं, तरी नवीन सील घालायला सांगितलं, आणि जुनं माझ्या टूलबॉक्समध्ये ठेवून दिलं.