गुलमर्गला स्कीइंग: हातातली गॅजेट्स चालतील की नवीन घ्यायची?

फेब्रुवारीचं गुलमर्ग ठरलं की आपल्यासारख्या गॅजेटवाल्या माणसाचं पहिलं काम काय, तर कार्टमध्ये ॲक्शन कॅमेरा टाकायचा, मग त्याच्या दोन जादा बॅटऱ्या, मग नवीन वॉच, मग बॅटरीवर गरम होणारे हातमोजे, आणि रात्री दीड वाजेपर्यंत रिव्ह्यू बघत बसायचं. माझं पहिल्या ट्रिपच्या आधी अगदी असंच झालं होतं. आता तीन सीझन जाऊन आलोय, त्यामुळे जे हातात आहे तेच न्यायचं की खास बर्फासाठी वेगळं घ्यायचं, हे एकेक वस्तू समोरासमोर ठेवून सांगतो.

माझी मोजपट्टी आधी सांगून टाकतो. आपण पुण्या-मुंबईत राहणारी माणसं, वर्षातले फार तर आठ-दहा दिवस बर्फात, बाकीचं वर्ष ऑफिस, घाट, पाऊस आणि मे महिना. मग जी वस्तू त्या आठ दिवसांसाठीच आहे ती शक्यतो भाड्याने, आणि जी सह्याद्रीतही चालेल तिच्यावर पैसे घालायला हरकत नाही.

आधी जागेचं, कारण गॅजेटचं अर्धं गणित तिथेच ठरतं. गुलमर्ग की उत्तराखंडातलं औली? औलीचा उतार शिकायला छान आहे, समोर नंदादेवी दिसते आणि तुमचं प्रीपेड सिम तिथे चालतं, पण देहरादूनला उतरून पुढे रस्त्याने अख्खा दिवस जातो, आणि जोशीमठहून वर जाणारा रोपवे २०२३ च्या जानेवारीत जमीन खचायला लागली तेव्हा बंद झाला, म्हणजे गाडीनेच वर जायची तयारी ठेवा. गुलमर्ग श्रीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटर, उंची २,६५० मीटरच्या आसपास, आणि गोंडोलाचे, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारचे, दोन टप्पे. पहिला कोंगदूरीपर्यंत, साधारण ३,१०० मीटर. दुसरा अफरवाटला, ३,९०० मीटरच्या वर. नवशिक्यांचे उतार खाली गोंडोला स्टेशनच्या आसपासच आहेत. सुट्टी कमी असेल तर गुलमर्ग, निवांत दहा-पंधरा दिवस असतील तर औलीचा पण जरूर विचार करा. बर्फ मात्र दोन्हीकडे हल्ली बेभरवशाचा झालाय, २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला उतार कोरडे होते आणि २०२५ च्या खेलो इंडिया विंटर गेम्सचे गुलमर्गमधले खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले, म्हणून मी तरी आता जानेवारीचं बुकिंग करत नाही, फेब्रुवारीच धरतो.

आता फोन. दुसऱ्या दिवशी कोंगदूरीला रांगेत उभा होतो, फोनवर बासष्ट टक्के दिसत होतं, बाहेर काढून दोन व्हिडिओ घेतले आणि तिसऱ्याला फोन बंद. बरोबरचे दोघं वर गेलेले, कुठे भेटायचं ते फोनवर ठरवणार होतो, पाऊण तास नुसता एका जागी उभा राहून शोधत होतो आणि खरं सांगतो, घाबरलो होतो. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत फोन गरम झाल्यावर चालू केला तर चोपन्न टक्के! म्हणजे चार्ज कुठे गेला नव्हता. लिथियम बॅटरी गार झाली की तिच्या आतला रोध वाढतो, कॅमेऱ्यासारखं काम एकदम जास्त करंट मागतं, व्होल्टेज खाली बसतं आणि फोनला वाटतं बॅटरी संपली. ॲपल आयफोनसाठी ० ते ३५ अंश असंच लिहितं, आणि गुलमर्गला जानेवारीच्या रात्री पारा उणे आठ-दहाला जाणं नेहमीचं आहे, वर अफरवाटला तर वारा वेगळा.

मग फोन नकोच का? नाही, फोन हवाच, पण कॅमेरा म्हणून नाही, संकटकाळी लागणारी वस्तू म्हणून. जॅकेटच्या आतल्या खिशात, थर्मलला चिकटून, म्हणजे अंगाची ऊब मिळते. बाहेरच्या खिशात ठेवलेला फोन आणि आतल्या खिशातला फोन यात मला दिवसअखेर एवढा फरक दिसला की त्यासाठी नवीन फोन घ्यायची काही गरज नाही, फक्त खिसा बदला. आणि एक, गार पडलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केलं तर बॅटरीच्या आत लिथियमचा धातू साचतो आणि ते नुकसान कायमचं असतं. आधी खोलीत तासभर राहू द्या.

ॲक्शन कॅमेरा विरुद्ध फोन, हा खरा प्रश्न, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. फोन हातात धरून स्की करायची नाही, नवशिक्याने तर अजिबात नाही, दोन्ही हातात पोल असतात आणि पडताना माणूस फोन वाचवायला जातो आणि मनगट मोडून घेतो. शिवाय ग्लव्हज घालून स्क्रीन चालत नाही, ग्लव्हज काढले की दोन मिनिटांत बोटं बधिर. त्या बाबतीत छातीवर किंवा हेल्मेटवर लावलेला कॅमेरा सरळ जिंकतो, मोठं बटन असतं, ग्लव्हजमधून दाबता येतं. गोप्रो हिरो १२ उणे १० पर्यंत चालतो असं कंपनी सांगते, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ उणे २० पर्यंत. गोप्रोने थंडीसाठी एन्ड्युरो नावाची बॅटरी काढलीय, हिरो ११ पासून ती बॉक्समध्येच येते, जुना हिरो ९-१० असेल तर कॅमेरा न बदलता नुसती ती बॅटरी घ्या, काम होतं. मी दोन्ही वापरलेत, एक मित्राचा, एक माझा. चित्रात फरक शोधत बसण्यासारखा नाही. बॅटरी गारठ्यात ऑस्मोची मला जास्त टिकली, तर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हलतं चित्र स्थिर करणं, गोप्रोचं किंचित जास्त आवडलं. नवीनच घ्यायचा असेल तर गुलमर्गसाठी मी ऑस्मो घेईन.

पण घ्यायचाच का, हे आपल्या मोजपट्टीवर बघू. तुम्ही पावसाळ्यात ट्रेकला जाता, बाईकवर माळशेजला जाता, तारकर्लीला पाण्यात उतरता, तर घ्या, वर्षभर वापराल, ऑस्मो ॲक्शन ४ वेगळ्या केसशिवाय १८ मीटर पाण्यात चालतो, गोप्रो १० मीटर. यातलं काहीच करत नसाल तर पुण्या-मुंबईत कॅमेरे भाड्याने मिळतात, आठवड्याचं भाडं द्या आणि उरलेल्या पैशात इन्स्ट्रक्टरचे दोन दिवस वाढवा. हे मी मनापासून सांगतोय, पहिल्या वर्षी मी कॅमेऱ्यावर खर्च केला आणि इन्स्ट्रक्टर फक्त दोन दिवस घेतला, तर माझ्याकडे चाळीस जीबी व्हिडिओ आहे ज्यात मी नीट वळतसुद्धा नाहीये. दुसऱ्या वर्षी उलटं केलं, पाच दिवस इन्स्ट्रक्टर, आणि चौथ्या दिवशी पहिल्यांदा स्कीज समांतर ठेवून वळलो तेव्हाचा आनंद कुठल्याच व्हिडिओत नाहीये, तरी तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो.

कॅमेरा इन्स्ट्रक्टरच्या हातात देण्याचा मात्र फार उपयोग होतो. तो खालून तुमचा व्हिडिओ घेतो, संध्याकाळी बघितलं की कळतं आपण कंबरेतून मागे झुकतोय. नवशिक्याचा हा सगळ्यात कॉमन दोष, आणि तो हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात कधीच दिसत नाही. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवाबंद करा, नाहीतर गार काचेवर आतून बाष्प धरतं आणि सकाळी सगळं धुरकट.

थ्रीसिक्स्टी, म्हणजे चहूबाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा? छान खेळणं आहे, पण पुढे आलेली गोल काच पडताना घासली की संपलं. पहिल्या दोन ट्रिपला नको.

वॉच. समजा तुमच्या हातात साधं ॲपल वॉच आहे. त्यात डाउनहिल स्कीइंगचं वर्कआउट आहे, स्लोप्ससारखी ॲप्स उतार मोजतात, वेग दाखवतात, आणि ते जॅकेटच्या बाहीखाली कातडीला लागून असल्याने फोनइतकं गारठत नाही. माझ्या वॉचला कंपनी १८ तास बॅटरी सांगते, दिवसभर जीपीएस चालू ठेवून माझं संध्याकाळी सहाला मान टाकायचं. दुसरीकडे गार्मिन इन्स्टिंक्ट २, आकाराने ओबडधोबड, पण एका चार्जमध्ये जवळपास चार आठवडे, बटनांवर चालतं म्हणून ग्लव्हज काढायचे नाहीत, लिफ्टमध्ये बसलात की आपोआप थांबतं आणि खाली सुटलात की पुढची रन, म्हणजे वरून खालपर्यंतची एक फेरी, मोजायला लागतं. आणि तो स्क्रीन भर उन्हात जास्तच स्पष्ट दिसतो, बर्फावरच्या चकाकीत हे फार कामाचं.

फक्त स्कीइंगसाठी म्हणाल तर हातातलं वॉच पुरे, नवशिक्याच्या दिवसभरात सहा-सात रन होतात, त्या तोंडी मोजता येतात. पण तुम्ही हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जात असाल, दोन-तीन दिवसांचे रेंज ट्रेक करत असाल, तर गार्मिन घ्या आणि बिनधास्त घ्या, ते तिथेच वसूल होतं. माझं झालंय.

क्रॅश डिटेक्शनबद्दल, म्हणजे जोरात आदळलात की आपोआप इमर्जन्सीला फोन लावणाऱ्या सोयीबद्दल, लोक विचारतात. २०२२ मध्ये आयफोन १४ आणि नवीन वॉचमध्ये ते आलं आणि त्याच हिवाळ्यात अमेरिकेत कोलोराडोच्या स्की भागात नुसत्या पडण्याने आपोआप फोन लागून तिथल्या इमर्जन्सीवाल्यांना खोट्या कॉल्सचा ढीग पडला, मग ॲपलला अपडेट काढून सुधारावं लागलं. मी ते चालू ठेवतो. पडल्यावर मनगटावर काही वाजतंय का तेवढं बघायचं आणि ठीक असाल तर रद्द करायचं.

एक गोष्ट मात्र अजिबात नेऊ नका, सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे मोबाइल नेटवर्क नसताना उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र. परदेशातल्या रिव्ह्यूंमध्ये गार्मिन इनरीच म्हणजे जीव वाचवणारी वस्तू असं सांगतात, आणि तिकडे ते खरंच आहे, अमेरिकेतून येणारा भाऊ तुम्हाला गिफ्ट पण देईल, पण भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईंना ह्याच यंत्रासाठी अडवून पोलिसांकडे नेलं होतं. ड्रोनही घरीच ठेवा, गुलमर्ग नियंत्रण रेषेच्या जवळ आहे.

त्याउलट अफरवाटवरून पिस्ट, म्हणजे आखून तयार केलेला स्कीचा उतार, सोडून खाली यायचा विचार असेल तर अव्हलांच ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेला माणूस रेडिओ सिग्नलवरून शोधायचं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) हे तीन पाहिजेतच, तिथे भाड्याने मिळतात, आणि वापरता येणारा गाइड बरोबर पाहिजे. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत एक रशियन. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतो आणि फोन, कॅमेरा, गरम हातमोजे जवळ असले की त्याला अडथळा येतो. निदान वीस सेंटिमीटर लांब ठेवा, आणि कुणाला शोधायची वेळ आली तर पन्नास. म्हणजे ज्या छातीच्या खिशात फोन ठेवा म्हटलं, ट्रान्सीव्हर असेल त्या दिवशी तो खिसा बदलायचा. पहिल्या वर्षी मात्र पिस्ट सोडूच नका.

गरम हातमोजे की साधे? साधे. चांगले वॉटरप्रूफ मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असलेले मोजे, आणि आत पातळ लायनर, ज्याच्या बोटांना टचस्क्रीन चालतं. बॅटरीवाले जड होतात, रोज रात्री चार्ज करायची आणखी एक वस्तू, आणि पुण्यात त्यांचं काय करणार? हात गारठलेच तर चहाच्या टपरीवर कोणीतरी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, पुढे सरकवतंच. गॉगलवर मात्र कंजूषी नको. ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत यूव्ही परत डोळ्यावर येतो, गाडीवरचा गॉगल बाजूने उघडा असतो. इअरबड्स खोलीतच राहू द्या, मागून येणाऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे.

पॉवर बँक २०,००० एमएएचची न्या, ती ७४ वॉट-अवर होते, विमानाची मर्यादा १०० ची आहे, आणि ती केबिन बॅगमध्येच, चेक-इनमध्ये नाही, कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यापण तशाच. उतारावर घेऊन जायची गरज नाही.

आणि दुबईत राहणारा मामा किंवा मावशी असेल तर स्की दुबईला दोन तासांचा धडा घ्या, मॉलच्या आतला चारशे मीटरचा उतार आहे, बूट कसे घट्ट करायचे आणि स्नोप्लाव करून, म्हणजे स्कीजची पुढची टोकं जवळ आणून, थांबायचं कसं एवढं जरी तिथे जमलं तरी गुलमर्गचा पहिला दिवस वाचतो. मला हे उशिरा कळलं.

एवढं सगळं वाचून खरेदी काय करायची तर माझ्या हिशोबाने मिटन, लायनर, गॉगल आणि इन्स्ट्रक्टरचे पाच दिवस, कॅमेरा भाड्याने, वॉच जे आहे ते. पण त्याआधी, आजच, एक काम करा: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. नंबर तोच ठेवून बदलता येतं पण निघायच्या आदल्या दिवशी नाही जमत, आमच्यातल्या एकाने ते टाळलं आणि श्रीनगरला उतरल्यापासून त्याचं यूपीआय बंद, स्लेजवाल्याला, घोडेवाल्याला, टांगमर्गहून वर नेणाऱ्या, टायरना साखळ्या लावलेल्या गाडीला, सगळ्यांचे पैसे आठ दिवस आम्ही दिले. पोस्टपेड असलं तरी चार-पाच हजार सुटे रोख जवळ ठेवा, वर नेटवर्क येतं-जातं.