एपॉक्सी ग्राउट, सिलिकॉन आणि धुता येणारा रंग: भाड्याच्या घरात दहा महिन्यांनंतर

आधीच्या भाडेकरूंनी चाव्या हातात ठेवल्या आणि नवे यायला बारा दिवस उरले होते. न्हाणीघरातल्या टाइलांचे सांधे काळे पडलेले, सिंकमागचं सिलिकॉन एका टोकाला सुटून जिभेसारखं लोंबतंय, आणि हॉलच्या भिंतीवर सोफ्याच्या उंचीला डोक्याच्या तेलाचे तीन गोल. त्यांनी घर वाईट वापरलं असं मुळीच नाही, चार वर्षांत एवढं होतंच. त्या बारा दिवसांत जे केलं त्याला आता दहा महिने झाले. घरात नवरा-बायको आणि त्यांची चार वर्षांची मुलगी राहते, म्हणजे परीक्षा व्यवस्थित झाली आहे.

सगळ्यात जास्त घाम गेला तो एपॉक्सी ग्राउटमध्ये, म्हणजे टाइलांच्या सांध्यांत भरायच्या मसाल्यात. सिमेंटचं साधं ग्राउट सच्छिद्र असतं. त्यात पाणी आणि साबण मुरतो, मग बुरशी धरते. घासलं की वरचा काळेपणा जातो आणि महिन्याभरात परत हजर. एपॉक्सी पाणी पीतच नाही. डब्यात रेझिन, हार्डनर आणि पावडर असे तीन भाग येतात. ते एकत्र कालवले की अर्धा-पाऊण तास हातात असतो, हवा गरम असेल तर त्याहूनही कमी. हे डब्यावर लिहिलेलं असतं. मी वाचलंही होतं. तरी पहिल्या दिवशी सगळा डबा एकदम कालवला आणि निम्मा माल घमेल्यातच दगड झाला. टाइलवर राहणारा पुसट थरही लगेच ओल्या स्पंजने पुसावा लागतो. आरशाखालच्या चार टाइलांवर माझ्या आळसाचा धुरकट पट्टा अजून आहे, आणि तो आता जाणारही नाही. आणखी एक, जुनं ग्राउट नुसतं वरवर खरवडून त्यावर हे फासू नका. निदान दोन-तीन मिलिमीटर खोल उकरावं लागतं. धूळ भयंकर उडते, मास्क हवाच. माझे पूर्ण दोन दिवस त्यात गेले.

पण दहा महिन्यांनी एकही सांधा काळा नाही. नव्या भाडेकरू वहिनी रोज फक्त वायपर मारतात, ब्रश लागलेला नाही. तक्रार एकच, आणि ती माझ्या निवडीची. मी पांढरा रंग घेतला. खिडकीखाली जिथे ऊन पोचतं तिथे तो पिवळट झाला, कारण एपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं. फिकट राखाडी घेतलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

सिलिकॉनची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. न्हाणीघरात मी ब्लेडने सगळं जुनं काढलं, स्पिरिटने पुसलं, कोरडं केलं, बुरशीरोधक सिलिकॉनची कड ओढली आणि चोवीस तास नळाला हात लावला नाही. ती कड आजही जशीच्या तशी आहे. स्वयंपाकघराच्या सिंकपाशी पोचलो तोवर अकरावा दिवस उजाडला होता, पाठ गेलेली. लोंबणारी जीभ कापली आणि उरलेल्यावर नवा थर मारला. दिसायला झकास!

पाचव्या महिन्यात फोन आला, "काका, सिंकखालचं दार लागत नाहीये." मला वाटलं बिजागरी ढिली झाली असेल, स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. बिजागरी ठणठणीत होती. कड मागून सुटली होती, पाणी भिंतीलगत झिरपून कपाटाचा तळ फुगला होता आणि दार त्याला अडत होतं. आता ते नीट करायचं तर आधी सगळं वाळायला हवं, मग कड लावून पुन्हा एक अख्खा दिवस सिंक बंद. लहान मूल असलेल्या घरात हे सांगायचं कुठल्या तोंडाने? तात्पुरती पट्टी चिकटवून परत आलो.

भिंतींचा रंग साटिन फिनिशचा, म्हणजे हलकी चमक असलेला, धुता येणारा. पेन्सिल, क्रेयॉन, हाताचे ठसे ओल्या फडक्याने निघतात, हे खरं. दुरुस्ती मात्र लपत नाही. खिळ्याचं भोक पुट्टीने बुजवून त्याच डब्यातला रंग लावला, तरी बाजूने उजेड पडला की तो ठिपका चमकतो. आता करायचं तर हॉल आणि स्वयंपाकघराला साटिन, आणि झोपायच्या खोल्यांना बिनचमकेचा मॅट. मॅटवर ठिगळ खपून जातं. शिवाय असा रंग हाताला कोरडा लागला तरी पुरता पक्का व्हायला काही आठवडे जातात. ते लोक रंग लावल्यापासून चौथ्या दिवशी राहायला आले, आठव्या दिवशी एक डाग जोरात घासला गेला, तिथे टक्कल पडलंय.

बाकीचं पटकन सांगतो. कुलूप पूर्ण न बदलता फक्त सिलिंडर, म्हणजे चावी घालायचा भाग, बदललं, दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो तेवढा काढायचा. माप मात्र त्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंना वेगवेगळं घ्या. माझं पहिलं सिलिंडर बाहेर डोकावत होतं, आणि तसं राहिलेलं तोडायला सोपं. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबलो, भांड्यात लाल पाणी आलं, म्हणजे वॉशर गेलेला. बंद घरात येणारा गटाराचा वास बहुतेक वेळा ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला सांडपाण्याच्या नळीच्या वाकात साठून राहणारं, पाणी आटल्यामुळे असतो. तांब्याभर पाणी ओता, मग प्लंबरला फोन करा.

चाव्या देताना दोघांना बरोबर घेऊन मी अख्ख्या घराचा व्हिडिओ काढला होता: प्रत्येक नळ, प्रत्येक बटण, मीटरचे आकडे, भिंतींचे कोपरे. चाळीस मिनिटं लागली, एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. खरं सांगायचं तर हे मी माझ्या बचावासाठी केलं होतं. कपाटाचा तळ फुगल्यावर तोच व्हिडिओ काढून बसलो. सिंकची कड स्पष्ट दिसते, नव्या थराखाली जुन्याचा उंचवटा आणि डाव्या कोपऱ्यात बारीक फट, त्यांनी पहिलं पातेलं ठेवायच्या आधीची. तळाच्या फळीचा खर्च मी दिला.

पुढच्या महिन्यात करार संपतोय, ते राहणार आहेत. त्याआधी तीन दिवस सगळे बाहेर जातायत आणि चावी शेजारी ठेवणार आहेत. ब्लेड, स्पिरिट आणि सिलिकॉनची नवी नळी पिशवीत भरून ठेवली आहे.