दुवे साठवायचे कुठे? फ्रेशआरएसएस, लिंकडिंग आणि झोटेरो: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नंतर वाचायचे दुवे साठवणारी पॉकेट ही सेवा ८ जुलै २०२५ ला बंद झाली, तेव्हा वापरणाऱ्यांच्या हातात एक सीएसव्ही (तक्त्याची) फाइल आली. तिच्यात मथळा, पत्ता, जोडल्याची वेळ, टॅग आणि वाचलं की नाही, एवढ्याच नोंदी. लेखांचा मजकूर नाही. मधल्या काळात मूळ पान उडालं असेल, तर हाती राहतो नुसता मथळा. याआधी साइटींवरचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला गेलं, दुवे साठवणारं डिलिशस २०१७ मध्ये पिनबोर्ड या तशाच सेवेने विकत घेऊन वाचण्यापुरतं ठेवलं, पॉकेटसारख्याच ऑम्निव्होरने नोव्हेंबर २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. म्हणून या आढाव्यात कसोटी एकच ठेवली आहे: उद्या हे बंद पडलं, तर काय काय बरोबर नेता येईल?

तिन्ही साधनांना कामं वाटून दिली आहेत. नवीन काय आलं ते फ्रेशआरएसएस आणतं, ठेवण्यासारखं ते लिंकडिंगमध्ये जातं, आणि चारचौघांनी मिळून वापरायचं ते झोटेरोत. पहिली दोन आपल्या सर्व्हरवर बसवावी लागतात, झोटेरो संगणकावर. तिन्ही मुक्त स्रोत आहेत.

फ्रेशआरएसएस

बसवणं अवघड नाही. गडबड होते ती ताजेपणात. क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप करणारी सर्व्हरची सोय) लावला नाही, तर फीड (साइटीवरच्या नव्या लेखांची यादी देणाऱ्या फाइली) तुम्ही पान उघडून ताज्या कराल तेव्हाच ताज्या होतात, आणि आठवडाभराने उघडलं की मधले लेख गेलेले असतात. कारण बहुतेक साइटी फीडमध्ये शेवटचे दहा-वीस लेखच ठेवतात. यूट्यूबच्या चॅनलची फीड शेवटचे १५ व्हिडिओ देते. सोळावा हवा असेल, तर त्याआधीच फीड ओढलेली असायला हवी. क्रॉन तासातून एकदा पुरतो. दर पाच मिनिटांनी लावून काही मिळत नाही, उलट समोरचा सर्व्हर तुम्हाला अडवायला लागतो.

साइटीवर आरएसएसचं, म्हणजे फीडचं, चिन्ह दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात. वर्डप्रेसवर चालणारी साइट असेल, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहा, बहुतेक वेळा काम होतं. फीडच नसेल, तर १.२० आवृत्तीपासून एक्सपाथने (पानातला नेमका भाग दाखवायची पद्धत) थेट पानातून यादी उचलता येते. मथळा, दुवा, तारीख कुठल्या खुणांमध्ये आहे ते एकदा सांगायचं. फीडमध्ये नुसता सारांश येत असेल, तर लेखाच्या चौकटीचा सीएसएस सिलेक्टर (तो भाग ओळखायची खूण) द्यायचा, म्हणजे पूर्ण मजकूर ओढला जातो. दोन्ही युक्त्यांची मेख एकच. साइटीने मांडणी बदलली की लेख रिकामे येऊ लागतात, आणि तेही बोंब न मारता.

म्हणून महिन्यातून एकदा आकडेवारीच्या पानावर जाऊन निष्क्रिय फीडची यादी पाहायची. ज्यांच्यातून आठवडा, महिना, वर्ष काहीच आलं नाही, त्या तिथे वेगळ्या दिसतात. एखाद्या फीडसमोर चूक दाखवली जात नाही याचा अर्थ ती जिवंत आहे असा नव्हे. सर्व्हर सगळं ठीक असल्याचा निरोप देत जुनीच फाइल वर्षभर पाठवत राहू शकतो.

मोबाइलवरच्या वाचन-ॲपशी जोडताना हमखास अडतं ते पासवर्डवर. एपीआयसाठी (दुसऱ्या ॲपने जोडून घ्यायचं दार) वेगळा पासवर्ड प्रोफाइलमध्ये ठेवावा लागतो, लॉगिनचा चालत नाही. आणि ही जोडणी ज्या पद्धतीने होते, ती गूगल रीडरचीच जुनी पद्धत. दुकान गेलं, कुलूप-किल्लीचा नमुना मात्र सगळ्यांनी उचलला. बाहेर पडायला ओपीएमएल फाइल मिळते. तिच्यात फीडचे पत्ते आणि गट असतात, तारांकित लेख नसतात. तेवढे वेगळे काढून घ्यावे लागतात.

लिंकडिंग

रोजचं राबणारं साधन हेच. डॉकर या प्रोग्रॅम सुट्या डब्यात चालवणाऱ्या साधनाच्या एका कंटेनरमध्ये चालतं, सगळ्या नोंदी एका एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये. ब्राउझरमधलं बटण दाबलं की मथळा आपोआप भरतो, टॅग टाकायचे, संपलं. तोच पत्ता आधी ठेवलेला असेल, तर लगेच सांगतं. मात्र पत्ता जवळपास तंतोतंत तोच असावा लागतो. वृत्तपत्रांच्या आणि समाजमाध्यमांच्या दुव्यांना शेवटी प्रश्नचिन्हानंतर माग काढणारी शेपटी चिकटलेली असते, तेवढ्याने एकच लेख तीनदा साठतो. शेपूट कापून मगच जतन करायचं. पण प्रश्नचिन्ह दिसलं की कापलं असंही करू नये, काही साइटींचा लेख-क्रमांक तिथेच असतो. कापल्यावर दुवा एकदा उघडून पाहावा.

मराठी मजकुराच्या शोधाबद्दल थोडं सविस्तर, कारण इंग्रजीतल्या परीक्षणांत हे सापडत नाही. लिंकडिंगचा शोध अक्षरांचा तुकडा जुळवतो, शब्दाची रूपं ओळखत नाही. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा साठा’ हा मथळा येणार नाही. ‘पाण’ एवढंच टाकलं की दोन्ही येतात. ‘पाऊस’ आणि ‘पावसाचा’ यांचं तर तेवढ्यानेही जमत नाही, ‘पा’वर शोधलं तर निम्मा साठा समोर येईल. उपाय एकच: टॅग नेहमी मूळ रूपात, एकवचनात, आणि शोध मथळ्यापेक्षा टॅगवर.

दुसरी कटकट ‘ऱ्या’ची. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात नुक्त्याचा वेगळा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते निरनिराळे शब्द. ‘शेतकऱ्यांसाठी’ असा टॅग मोबाइलवरून आणि संगणकावरून टाकला की यादीत जुळ्यासारखा दोनदा दिसू लागतो, आणि कुठला खरा ते डोळ्यांना कळत नाही. टॅगमध्ये असे शब्द येऊच द्यायचे नाहीत. ‘शेती’ने भागतं.

टॅगची संख्या हाही रोगच. सुरुवातीला प्रत्येक दुव्याला पाच-सहा टॅग लावायचा उत्साह असतो, नंतर एकही लागत नाही. टिकलेली पद्धत अशी: एक विषयाचा, एक प्रकाराचा (लेख, साधन, तक्ता, व्हिडिओ), बास. टॅग न लागलेले दुवे शोधायची सोय आहे. आठवड्याला दहा मिनिटं तिथे बसलं की साठा आवरलेला राहतो.

आता प्रत साठवण्याचा भाग. दुवा ठेवणं म्हणजे कुणाच्या घराचा पत्ता लिहून ठेवणं, तो माणूस तिथेच राहील याची हमी कुणी देत नाही. लिंकडिंग तीन प्रकारे प्रत ठेवू देतं. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला निरोप पाठवून तिकडे जतन करवणं, ही सर्वांत हलकी सोय. पण ज्या साइटी आर्काइव्हला अडवतात, त्यांची प्रत होत नाही. दुसरा प्रकार: ‘प्लस’ कंटेनर वापरून सर्व्हरवरच पानाची एचटीएमएल प्रत घेणं. यात क्रोमियम ब्राउझर आतच बसवलेला असतो, त्यामुळे कंटेनर बराच जड होतो आणि छोट्या सर्व्हरची दमछाक होते. शिवाय तो ब्राउझर तुमच्या लॉगिनशिवाय पान उघडतो. मग प्रतीमध्ये कधी लेखाऐवजी लॉगिन मागणारी चौकटच येते.

तिसरा प्रकार उत्तम: ब्राउझरमध्ये सिंगलफाइल हे एक्स्टेन्शन बसवून तिथूनच प्रत लिंकडिंगला पाठवणं. त्यासाठी लिंकडिंगच्या सेटिंगमधून एपीआय टोकन घेऊन सिंगलफाइलमध्ये टाकायचं. तुम्हाला जे दिसतं तेच साठतं. तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चित्रं खाली सरकल्यावरच उगवत असतील, तर जतन करण्याआधी पान शेवटपर्यंत सरकवायचं, नाहीतर चित्रांच्या जागी राखाडी चौकोन राहू शकतात. चित्रं बेस६४ मध्ये, म्हणजे अक्षरांत बदलून, फाइलच्या पोटात जातात, त्यामुळे मुळापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त जागा खातात. छायाचित्रांनी भरलेलं पान काही मेगाबाइटचं सहज होतं, व्हिडिओ तर येतच नाही. आणि लॉगिन करून घेतलेल्या प्रतीत तुमचं नाव, ईमेल, कधी ग्राहक क्रमांकही वरच्या पट्टीत असतो. अशी फाइल दुसऱ्याला देण्याआधी उघडून नीट पाहा.

बाहेर पडण्याचं दार मोठं आहे, पण अर्धंच. एचटीएमएल निर्यात सगळे ब्राउझर ओळखतात, टॅग आणि तारखाही जातात. साठवलेल्या प्रती जात नाहीत. त्यासाठी पूर्ण बॅकअपची आज्ञा वेगळी आहे, ती डेटाबेस आणि प्रती एका झिपमध्ये बांधते. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करणं किंवा सिंकथिंगसारख्या, संगणकांमधल्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या साधनाच्या फोल्डरमध्ये ठेवणं ही चूक फार जण करतात. लिहिणं चालू असताना उचललेली फाइल अर्धवट निघू शकते. सिंकने पाठवायची ती झिप.

झोटेरो

जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये संशोधकांसाठी सुरू झालेलं हे साधन संदर्भसूचीपुरतं आहे असा समज आहे. एखाद्या गटाने मिळून माहिती गोळा करायची, तर याच्याएवढं शिस्तीचं फुकट साधन सापडलं नाही. पान जतन केलं की लेखक, तारीख, प्रकाशन हे वेगवेगळ्या रकान्यांत बसतं, आणि पानाची प्रतही सिंगलफाइलच्याच तंत्राने सोबत येते.

खटके कुठे उडतात? नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही, पण जोडलेल्या फाइलींना फुकटात ३०० एमबी. गटाच्या फाइली मोजल्या जातात त्या गटाच्या मालकाच्या खात्यात, टाकणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे एकाने मोठ्या पीडीएफ टाकल्या की जागा मालकाची भरते. वेबडॅव्हने (दुसऱ्या सर्व्हरवर फाइली ठेवायची पद्धत) आपली जागा जोडता येते, पण फक्त वैयक्तिक संग्रहासाठी, गटासाठी नाही.

त्याहून गोंधळाची गोष्ट अशी. आपल्या संग्रहातली नोंद ओढून गटात टाकली की तिची स्वतंत्र प्रत होते. नंतर आपल्याकडे तारीख दुरुस्त केली, तर गटात जुनीच राहते. गटाचं काम गटाच्याच संग्रहात करायचं, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगून टाका. नाहीतर दोन महिन्यांनी कुठली नोंद बरोबर यावर वाद घालायचे.

डेटाचं फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा तत्सम सिंक होणाऱ्या जागी ठेवू नका. डेटाबेस खराब होतो, हा इशारा झोटेरोवालेही देतात. बॅकअप म्हणजे प्रोग्रॅम बंद करून ते अख्खं फोल्डर दुसरीकडे उतरवणं. सिंकला बॅकअप समजू नये, एकाने पुसलेलं सगळीकडून पुसलं जातं.

वाटताना

मराठी विकिपीडियासारख्या साइटींचे दुवे पाठवले की टक्केचिन्हांची माळ लागते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, म्हणजे पत्त्यात नऊ अक्षरांचं, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. चार शब्दांच्या मथळ्याचा दुवा काही ॲपमध्ये मध्येच तुटतो आणि पुढचा माणूस भलत्याच पानावर जातो. दुवे आखूड करणाऱ्या सेवा टाळलेल्या बऱ्या, त्या बंद पडल्या की चांगलं जिवंत पानही हरवतं. लिंकडिंगमधली वाटलेल्या दुव्यांची यादी फीड म्हणूनही मिळते. ती समोरच्याच्या वाचकात जोडून दिली की रोज काही पाठवावंच लागत नाही.

नवं साधन दिसलं की अख्खा साठा तिकडे हलवायचा मोह होतो. आधी पन्नास दुवे न्या, टॅग लावा, निर्यात करा, ती फाइल तिसऱ्याच साधनात घाला आणि तारखा तपासा. सगळ्या नोंदींवर आजची तारीख दिसली, तर तिथेच थांबा.

मोबाइल ही या जोडणीतली कच्ची कडी. लिंकडिंगचं अधिकृत ॲप नाही. अँड्रॉइडवर ब्राउझरमधून ते होमस्क्रीनवर बसवलं की ‘शेअर’च्या यादीत येतं, पण सर्व्हरला एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र असेल तरच. नुसत्या आयपी पत्त्यावर चालवणाऱ्यांना तो पर्याय दिसतच नाही, आणि मग ते स्वतःलाच संदेश पाठवून दुवे साठवत बसतात.