खोटी बातमी ओळखायची कार्यशाळा : साडेतीन तारे, झेरॉक्सला शून्य

मुलीच्या शाळेत शनिवारी नववीसाठी दोन तासांची कार्यशाळा झाली. बाहेरची संस्था, मुलामागे दीडशे रुपये, पालकांना मागच्या बाकांवर बसायची मुभा. माझं झेरॉक्सचं दुकान शाळेसमोरच आहे. शटर अर्धं ओढलं आणि जाऊन बसलो.

आधी तक्रार, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. मुलांना व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटचा कागद वाटला आणि विचारलं, यातले पुष्कळदा फिरलेले मेसेज कोणते? खूण म्हणजे मेसेजवरचे दोन बाण. कागद झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. बाण सोडा, मेसेजच काळा ढग झालेला. शाळेत मोबाइलला बंदी, त्यामुळे फोटोच नेटवर शोधायला टाकून तो मुळात कुठला हे बघायचं, तेही सरांनी एकट्यानेच पडद्यावर केलं. पोरं नुसती बघत बसली. शेवटची वीस मिनिटं पासवर्ड कसा ठेवावा यात गेली. तो विषयच वेगळा.

पण मधला अर्धा तास पैसे वसूल. सरांनी मुलं पळवण्याचा तो व्हिडिओ लावला, मोटारसायकलवरून दोघं येतात आणि पोराला उचलतात तो. मग पुढचा भाग दाखवला. तेच दोघं परत येतात, पोराला सोडतात आणि पाटी धरतात. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला केलेली ती फिल्म. आपल्याकडे फिरली ती शेपूट कापून. 1 जुलै 2018 ला आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागायला आलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घालायचं ठरवलं.

तो व्हिडिओ त्या वेळी मीही दोन ग्रुपवर टाकला होता. ‘काळजी घ्या’ असं वर लिहून. मुलगी पुढे बसलेली, तिने मागे वळून बघितलं नाही, हे बरं झालं.

आणि एक गंमत. सरांच्या एका स्लाइडवर अब्दुल कलामांचा फोटो आणि खाली सुविचार. तिसऱ्या बाकावरचा पोरगा उठला : “सर, हे कलाम सर कुठं बोलले?” सर म्हणाले, “नेटवरून घेतलंय.” वर्ग फुटला. पण त्या माणसाला मानलं. तिथेच शोधायला बसले, दहा मिनिटं मुलांकडून शब्द बदलून घेतले, धड पत्ता लागेना, तेव्हा सगळ्यांसमोर स्लाइड उडवली. अख्ख्या कार्यशाळेत मुलांनी स्वतः काही तपासलं ते एवढंच, तेही ठरवलेलं नव्हतं.

दहावीच्या मराठीत बातमीलेखन आहे, म्हणजे बातमी तयार करायला शिकवतात. त्याच तासाला आलेली बातमी तपासायलाही लावली, आठवड्याला एक, तर दीडशे रुपये काढायची वेळच येणार नाही. वर्षातून एका शनिवारी शिकून पाढे तरी पाठ होतात का?

साडेतीन तारे. अर्धा कापला तो पासवर्डचा. संस्थेला विनंती : पुढच्या वेळी कागद रंगीत काढा. माझ्याकडे पान दहा रुपये, शाळेसाठी आठ.