पायवाट काढून हिरवळ लावली: एक पावसाळा उलटल्यावर

फरशीची जुनी पायवाट उखडून तिथे गवत लावलं, त्याला आता काही महिने झाले. हिरवळ छान टिकली आहे. श्रेय मात्र गवताच्या जातीपेक्षा खालच्या खोदकामाचं.

जमीन चिकण. निचरा पाहायला आधी ३० सें.मी. खोल खड्डा करून पाणी भरलं, ते मुरल्यावर पुन्हा भरलं. तासाला २.५ सें.मी. तरी उतरायला हवं. इथे दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी.

फरशीखाली खडी-मुरूम, ठोकून ठोकून दगड झालेला. त्यावरच माती पसरून मोकळं व्हा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. खाली खडी म्हणजे निचरा होणारच, हा समज उलटा आहे: बारीक कणांची माती पुरती भिजल्याशिवाय खडीत पाणी सोडतच नाही, आणि तोवर मुळं गुदमरतात. म्हणून तो थर पहारीने सगळा काढला. खाली निळसर करडी, कुजकट वासाची माती निघाली; हवा न पोचल्याची खूण. तिलाही पहारीने भेगा पाडल्या, वर १५ सें.मी. कंपोस्ट मिसळलेली माती. वाळू नाही घातली. चिकणमातीत थोडीथोडकी वाळू पडली की ती आणखीच कडक होते. आणि हे सगळं वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना करायचं, ओल्यात मुळीच नाही.

घरापासून दूर मीटरला २ सें.मी. उतार आणि सखल कडेला चरात छिद्रांचा पाइप. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा; हा पाइप नसता तर जोराच्या पावसानंतर तळंच झालं असतं.

तक्रारीही आहेत. भराव बसला, मध्येच एक पन्हळ पडली, तिथे पाणी थांबलं आणि लव्हाळा फोफावला. चाळलेली माती पातळ थरांत टाकून ती भरतो आहे. एका कडेचं गवत पिवळं पडलं. खणलं तर सिमेंटचे तुकडे. सिमेंटमधल्या चुन्याने गवताला लोह मिळेनासं होतं, तेव्हा राडारोडा वेचून काढाच.

राहिले पाय. फाटकाकडे जाणारे अजूनही जुन्याच रेषेवरून जातात आणि तिथली माती पुन्हा दबते. आता पावला-पावलावर चपटे दगड बसवलेत, गवतकापणी यंत्र वरून जाईल इतके जमिनीलगत. वाट रोजच्या वर्दळीची असेल तर ती काढूच नका, पाणी काढायला शेजारी चर खणा.